लोखंडाच्या गावात लोखंडी भानगड

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. आमच्या गल्लीतली सात पोरं हातची गेली.

दारू नाही, पत्ते नाहीत, पोरीबिरीचं लफडं तर अजिबात नाही. तसलं काही असतं तर चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं असतं, त्याची आपल्याकडं रीत आहे. पण ही पोरं बर्लिनच्या एका फुटबॉल क्लबच्या नादी लागली, आणि त्यावर उतारा काय, ते ना मारुतीच्या पारावर कुणाला सुचलं ना मोंढ्यात. मे महिन्यात जालन्याचा पारा बेचाळीसला टेकलेला असताना त्यातला एक जण लाल-पांढरा लोकरीचा मफलर गळ्यात गुंडाळून दूध आणायला निघाला. आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. उतरली नाही.

बरं, खेळाचंच वेड लागायचं तर आपल्या गावाला काय कमी आहे? विजय झोलचं गाव हे. एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ कुटणारा, २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार! आणि फुटबॉलच पाहिजे, तोही जर्मनीचाच पाहिजे, तर बायर्न म्युनिक आहे ना. जवळजवळ दर वर्षी जिंकतो, माणसाला निश्चिंत झोप लागते. आपल्या सरकारनंसुद्धा संबंध जोडला तो बायर्नशी. त्यांच्या नावाचा महाराष्ट्र कप भरवला २०२३ मध्ये. सरकारला कळतं ते या पोरांना कळू नये? यांनी निवडला युनियन बर्लिन. शंभर वर्षांची परंपरा, आणि त्यातली बहुतेक हरण्याची.

मी बोलतोय ते द्वेषानं नाही, हे आधी सांगतो. माझं किराणा दुकान आहे आणि गल्लीच्या गणेश मंडळाचा मी खजिनदार आहे, सलग चौदा वर्षं. पोरं माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली. म्हणून जीव तुटतो, दुसरं काही नाही.

भानगड मला कळली ती २०२३ च्या गणपतीत. १९ सप्टेंबरला बाप्पा बसले. दुसऱ्या दिवशी ही सातही पोरं आपण होऊन म्हणाली, काका, रात्रीचा पहारा आम्ही देतो. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. पहाऱ्याला माणूस मिळावा म्हणून दर वर्षी मी चहा-भज्यांचं आमिष दाखवतो, तरी कुणी फिरकत नाही. दहाला भोंगा बंद झाला, मी घरी जाऊन पडलो. मध्यरात्रीच्या सुमारास मंडपातून अशी काही किंकाळी आली की मी बनियनवरच काठी घेऊन धावलो. डोक्यात एकच, बाप्पाचा चांदीचा मुकुट गेला! जाऊन बघतो तर मुकुट जागेवर, मूर्ती जागेवर, समईसुद्धा तेवती. आणि सतरंजीवर सात पोरं एका मोबाईलभोवती डोकं धरून बसलेली.

"कोण गेलं रे?" मी विचारलं.

"मॅच गेली काका. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला."

"मॅच नव्वद मिनिटांची असते ना?"

"तेच तर!" त्यातला एक म्हणाला आणि त्यानं खरोखर डोळे पुसले.

माद्रिदला रेआल माद्रिदशी सामना होता. चॅम्पियन्स लीगमध्ये या क्लबचा आयुष्यातला पहिला. नव्वद मिनिटं त्यांनी दार लावून धरलं, आणि वर मिळालेल्या वेळेत बेलिंगहॅम नावाच्या पोरानं गोल केला. एक-शून्य. आता मला सांगा, बाप्पापुढं बसून माद्रिद हरावं म्हणून नवस बोलायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि बाप्पानं तरी तो कोणत्या भाषेत ऐकायचा?

दुसऱ्या दिवशी मी चौकशी लावली. पुड्या बांधता बांधता एकेकाला बोलतं केलं, तर जे बाहेर पडलं ते ऐकून माझ्या हातातला तराजू थरथरला. म्हणे या क्लबचं मूळ १९०६ मधलं, बर्लिनच्या पूर्व टोकाला जिथं लोखंडाचे आणि यंत्रांचे कारखाने होते तिथलं. कामगारांची पोरं, निळे कपडे. लोक त्यांना फिटरची पोरं म्हणायचे. म्हणून त्यांची आरोळी लोखंडाची: अर्धे ओरडतात "आयझर्न", म्हणजे लोखंडी, आणि उरलेले उत्तर देतात "युनियन". आमच्या सातांपैकी दोघं एमआयडीसीत रोलिंग मिलला आहेत. सळया ओढणाऱ्या पोरांच्या कानावर "लोखंडी, लोखंडी" पडल्यावर दुसरं काय होणार! जालन्याचा माणूस लोखंडाला आणि बियाण्याला नाही म्हणत नाही. त्या क्लबनं बियाण्याचं दुकान काढलं असतं तर उरलेलं गावही गेलं असतं.

पण थांबा, हे तर वरवरचं झालं. २००४ मध्ये या क्लबकडं पैसेच उरले नव्हते. पुढच्या हंगामाचा परवाना पाहिजे तर अनामत भरा, अशी वेळ. तिकडं रक्त दिलं की माणसाला थोडे पैसे मिळतात. तर या क्लबच्या लोकांनी रांगा लावून रक्त दिलं आणि ते पैसे क्लबला दिले! "युनियनसाठी रक्त सांडा" अशी मोहीमच होती म्हणे. आमची मंडळी हे ऐकून गारच पडली. आपल्याकडं रक्तदान शिबिर कसं असतं? बिस्किटाचा पुडा, केळं, प्रमाणपत्र, आणि वर फलकावर हसऱ्या नेत्याचा वाढदिवस. रक्त दिल्यावर आपल्याला काही मिळावं ही साधी अपेक्षा. उलटं देऊन येणारी जात कुठली म्हणायची?

२००८ मध्ये मैदान मोडकळीला आलं, तेव्हाही तेच. गुत्तेदार नेमायला पैसे नाहीत, मग दोन हजार तीनशेहून जास्त माणसं स्वतः कुदळ-फावडं घेऊन उतरली. एक लाख चाळीस हजार तास श्रमदान! कुणी रजा काढून, कुणी रात्रपाळी करून. मैदानाबाहेर त्या लोकांचं स्मारक आहे, मोठ्ठं लाल हेल्मेट. मी विचारलं, त्यावर आमदार निधीतून असं कुठं लिहिलंय? पोरगा नाहीच म्हणाला. मग ते बांधकाम अधिकृत कसं?

खरं सांगायचं तर श्रमदान आणि लोकवर्गणी जालन्याला नवी नाही. घाणेवाडीच्या तलावातला गाळ गावानंच काढला होता. पण तो पाण्यासाठी. तहान लागली की कुणीही खोदतो. वीस-बावीस माणसांना चेंडूमागं पळता यावं म्हणून खोदणं, याला मी तरी व्यसनच म्हणेन.

आणि एवढं करून बांधलं काय? जंगलाच्या कडेला बावीस हजारांचं मैदान. नाव "आल्टे फोर्स्टराय", म्हणजे जुनं वनखात्याचं घर. त्यात बसायच्या खुर्च्या साडेतीन हजारांच्या वर थोड्या. उरलेले अठरा हजार पैसे देऊन उभे राहतात. पैसे देऊन उभं राहायची सोय आपल्या एसटीत आहेच, त्यासाठी बर्लिन कशाला? एक गोलफलक तर अजून विजेचा नाही म्हणे, एक माणूस हातानं पाट्या बदलतो. हे मी तेव्हा कानाआड केलं. करायला नको होतं, ते पुढं येईलच.

सोफ्याचं तर मी घरी सांगितलंच नाही, बायकोला वाटलं असतं मीच रचलं. २०१४ च्या विश्वचषकाला या लोकांनी आपापल्या घरातले सोफे उचलून मैदानात नेऊन मांडले. साडेसातशेहून जास्त सोफे! सगळा क्लब एका दिवाणखान्यात बसून मॅच बघतोय. आपल्या घरचा सोफा पाहुणा आला तरी प्लास्टिक काढून बसवत नाही आपण.

नाताळचं वेगळंच. २००३ मध्ये संघाची दैना चालली होती, म्हणून ८९ माणसं डिसेंबरच्या थंडीत चोरून मैदानात शिरली आणि भजनं म्हणून आली. पुढं तीच रीत पडली. आता दर वर्षी पंचवीस-तीस हजार माणसं मेणबत्त्या घेऊन जमतात. चोरून सुरू केलेल्या गोष्टीचा सप्ताह होतो हे मात्र मला ओळखीचं वाटलं. आपल्याकडची निम्मी देवळं अशीच उभी राहिली आहेत, फक्त मेणबत्त्यांऐवजी आधी शेंदूर येतो.

एक गोष्ट ऐकून मात्र मी पुडी बांधायचा थांबलो. २०१९ मध्ये हा क्लब पहिल्यांदा सगळ्यात वरच्या पायरीवर चढला. पहिला सामना ऑगस्टमध्ये, घरच्या मैदानात. त्या दिवशी लोकांनी मेलेल्या माणसांचे मोठे मोठे फोटो हातात उंच धरले. ४५५ फोटो. कुणाचा बाप, कुणाचा आजा, कुणाचा दोस्त. जन्मभर या क्लबसोबत हरले आणि हा दिवस बघायच्या आधीच गेले. त्यांनाही आत आणलं. संघ त्या दिवशी चार-शून्य हरला. मी म्हणणार होतो, श्राद्ध घालायचं तर घरी घालावं. पण हे सांगणाऱ्या पोराचे वडील २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेलेले. आमच्या मंडपाचे बांबू बावीस वर्षं त्यांनीच बांधले. त्या साली विसर्जनाला पोरगा ट्रॅक्टरपुढं वडिलांचा फोटो छातीशी धरून चालला होता. तेव्हा मला वाटलं होतं, हा कुणाचं बघून करतोय कुणास ठाऊक.

असो. तूरडाळ कितीची द्यायची होती ते विसरलो मी त्या दिवशी.

आता खरी बदनामी ऐका. हा क्लब जिंकायला लागला! पहिल्या वर्षी अकरावा, मग सातवा, मग पाचवा, मग थेट चौथा. सळया ओढणाऱ्यांचा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये! पोरं खूश व्हावीत की नाही? तर यांच्या तोंडाला कुलूप. "काका, आता बायर्नवालेही विचारायला लागले, मफलर कुठं मिळतो." यांचं दुःख हे. वाईट दिवसांत सोबत करू म्हणून नवरी केली आणि तिला लॉटरी लागली, अशी अवस्था. चांगल्या दिवसांत काय करायचं असतं ते यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

देव दयाळू आहे. त्या हंगामात संघ लागोपाठ हरत सुटला. ब्रागाविरुद्ध दोन-शून्य पुढं असताना तीन-दोन हरला, तेही पुन्हा शेवटच्या क्षणी. गटात सहा सामन्यांत एकूण दोन गुण. नोव्हेंबरात प्रशिक्षक उर्स फिशर गेला. आमच्या पोरांच्या चेहऱ्यावर तजेला आला, जेवणं वाढली. फिशर गेल्यावर मारी-लुईझ एटा सहायक प्रशिक्षक झाली, जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमधली तशी पहिली बाई. मफलरवाल्याची आजी हे ऐकून म्हणाली, "माय, आधीच बाईला विचारलं असतं तर एवढं हरलेच नसते." मे २०२४ मध्ये शेवटच्या सामन्यात, भरल्या वेळेच्या पुढं, गोल करून संघ कसाबसा वर टिकला. शनिवारी रात्री गल्लीत पेढे वाटले. पंधरावा नंबर आल्याचे पेढे! बोर्डात पंधरावा आलेल्या पोराला आपण गुळाचा खडा तरी देतो का?

याचे परिणाम घराघरात होतात. एकाला परतूरकडचं स्थळ आलं. मुलीच्या मामानं रिवाजाप्रमाणे विचारलं, मुलाला काही नाद? आई भोळी, म्हणाली, फुटबॉलचा. खेळतो? नाही, बघतो. कुणाचा? जर्मनीचा. बरं, जिंकतात का? आईनं पोह्यांची बशी पुढं सरकवली. स्थळ गेलं. पुढच्याच आठवड्यात त्याच मुलीच्या भावानं यांच्याकडं मफलरची चौकशी केली, ही आणखी एक लाज.

मी हे सगळं आमच्या साडूच्या कानावर घातलं. साडू कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. मला वाटलं तो तरी कपाळाला हात लावील. तो हसायलाच लागला. म्हणाला, "दाजी, यात जर्मन काय आहे? पाटाकडील काय, शिवाजी तरुण मंडळ काय, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा काय, सगळ्या तालमीच की. पेठेची वर्गणी, पेठेची पोरं, पेठेचं भांडण. शाहू स्टेडियमला ये एकदा दुपारी." त्यांच्या गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, हे त्यानं मला आतापर्यंत किमान चाळीस वेळा सांगितलंय. कोल्हापूरचं ठीक आहे हो, तिथं लाल माती आणि तांबडा रस्सा दोन्ही आहे, त्यांना काहीही शोभतं. पण आपल्या मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा, त्यात संघही बेभरवशाचा कशाला?

सरकारनं मात्र घात केला. २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल पोरं तिकडं पाठवायची. जर्मन भाषा शिका, नोकरी मिळवा. झालं! कालपर्यंत "मोबाईल ठेव" म्हणणाऱ्या आया आता म्हणतात, "गप, लेकरू अभ्यास करतंय." रात्री दीडला अभ्यास, आणि मध्येच "तोर!" म्हणून ओरडणं. गोलला तिकडं तोर म्हणतात म्हणे, म्हणजे दार. मी त्यांना नकाशा दाखवला. अरे, बर्लिन त्या राज्यात नाहीच! तिथली राजधानी श्टुटगार्ट, आणि २०१९ मध्ये तुमचं हे युनियन वर चढलं ते त्या श्टुटगार्टलाच खाली ढकलून. मुलाखतीला हा मफलर घालून गेलात तर पहिल्याच प्रश्नाला परत याल.

हे माझं बोलणं एकाच्या मनाला लागलं. तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. त्यानं नोकरीचा दूरचा विचार करून पक्ष बदलला आणि हायडेनहाइमकडं गेला. ते बाडेन-व्युर्टेंबर्गचं, पन्नास हजार वस्तीचं गाव, आपल्या जालन्याच्या एका कोपऱ्यात मावेल. प्रशिक्षक फ्रांक श्मिट गावातलाच, २००७ पासून तोच. २०२३ मध्ये नव्व्याण्णवाव्या मिनिटाला गोल करून हा संघ वरच्या पायरीवर गेला, तेव्हा हॅम्बुर्गचे लोक आपणच चढलो म्हणून मैदानात नाचत होते. पुढच्या एप्रिलला त्यांनी बायर्नलाही दोन-शून्य मागं पडून तीन-दोन हरवलं. आमच्या गल्लीत उभी फूट पडली, सहा आणि एक. तो एक म्हणतो, खरा गट माझाच. महाराष्ट्रात हे वाक्य ऐकलं की लोक कोर्टाची तारीख विचारतात.

इथपर्यंत मी सोसलं. वय आहे, उतरेल. पण यंदा गणपतीच्या आधी मंडळाची बैठक झाली आणि या वेडाचं विष कुठवर गेलंय ते दिसलं.

तिकडं एक नियम आहे. क्लबच्या एकूण मतांत निम्म्याहून एक तरी मत जास्त सभासदांचं असलंच पाहिजे. कितीही मोठा शेठ पैसे घेऊन आला तरी क्लब त्याच्या खिशात जात नाही. लाइपझिशच्या क्लबवर या लोकांचा राग तो याच्यावरून: तिथं मत देणारे सभासद जेमतेम विसेक, बाकी कारभार शीतपेयाच्या कंपनीचा. त्या ४५५ फोटोंच्या सामन्यात समोर हेच लाइपझिश होतं, आणि युनियनचे लोक पहिली पंधरा मिनिटं निषेध म्हणून मुके उभे होते. मला तर लाइपझिशची रचना आदर्श वाटली. आमच्या मंडळात मत देणारे पाच. पाचही माझ्याकडून उधारीवर किराणा नेतात. चौदा वर्षांत एकदाही मतभेद नाही.

बैठकीत मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "गेल्या वर्षीचा हिशोब वाचला असं समजावं." तर मफलरवाला उभा राहिला. "काका, समजू नका, वाचा." सन्नाटा! मी म्हणालो, वही सासुरवाडीला राहिली. तो म्हणाला, चौदाही? मग दुसरा उठला: वर्गणी देणारा प्रत्येक जण सभासद, प्रत्येकाला एक मत. डीजे आणायचा की ढोल, ते मतानं ठरवू. मागून बाया म्हणाल्या, आम्हीही वर्गणी देतो, आमचंही मत. अध्यक्ष माझ्याकडं बघायला लागले आणि मी पंख्याकडं.

मी शेवटचा पत्ता टाकला. म्हणालो, तुमच्या त्या क्लबचा अध्यक्ष डिर्क त्सिंगलर २००४ पासून तोच आहे, मग मला चौदाच वर्षं का मोजता? तेव्हा तो बांबूवाल्याचा पोरगा शांतपणे म्हणाला, "तुम्हीच राहा काका. आम्हाला फक्त फलक पाहिजे."

तर सध्या मंडपाच्या दारात शाळेतला जुना काळा फळा लावलाय. विजेचा नाही, हातानं लिहायचा. रोज रात्री आरती झाली की एक पोरगा खडूनं जमा आणि खर्च लिहितो, आणि "आयझर्न" म्हणून ओरडतो. लहान पोरांना उत्तर ठाऊक नाही, ती "मोरया" म्हणतात. खाली वर्गणी बाकी असलेल्यांची नावं. पहिल्या रात्री वरच्या ओळीत माझ्याच दुकानाचं नाव होतं, पुढं ३,३००. मी सकाळी उजाडायच्या आत नोकराच्या हाती अकराशे पाठवले. पोरानं पावती फाडली, फळ्यावरचा आकडा बोटानं पुसला आणि २,२०० लिहून नोकराला म्हणाला, "काकांना सांग, दोन वर्षांची राहिली."